फर्श म्हणजे अंथरलेलं

ग्रामसभेत हरकत घ्यायला उभा राहिलो आणि फरशी या शब्दाची व्युत्पत्ती सांगत बसलो. तेवढ्यात ठराव मंजूर झाला.

हरकत साधी होती. वडूजजवळच्या आमच्या गावात, आमच्या गल्लीला आधी दगडी फरशी होती. तिच्यावर काँक्रीट आलं, मग त्या काँक्रीटवर दुसरं. खालचं कुणी काढत नाही, वरून ओततात नि मोकळे होतात. गल्ली चढत गेली, घरं जागच्या जागी राहिली. पूर्वी पायऱ्या उतरून गल्लीत यायचो, आता घरात उतरावं लागतं. परतीचा पाऊस लागला की पाणी थेट सोप्यात. गेल्या खेपेला ज्वारीची पोती भिजली. ती उन्हात ओतताना बायकोनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. आता वरून पेव्हिंग ब्लॉक बसले की उंबराही बुडणार. म्हणून म्हणायचं होतं इतकंच, की आधीचं खणा, मग नवं घाला.

पण सांगलीत जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला इतकंच म्हणता येत नाही. मी सुरू केलं : फर्श हा मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडं आला. अर्थ, अंथरलेली वस्तू. जाजम, गालिचा. बैठका घालणारा तो फरास, त्याच्या सामानाची जागा तो फरासखाना. पुढं आपण तोच शब्द उचलून जमिनीवर बसवलेल्या दगडाला लावला. रंगात आलो की मी डोळे मिटून बोलतो. उघडले तेव्हा सभा पाण्याच्या टाकीवर गेली होती.

सरपंच माझ्या पुतण्याच्या वयाचा. म्हणाला, "सर, म्हाइती लय भारी. पर ह्यात हरकत कुटं हाय?"

हरकत त्यातच होती. जे अंथरलं ते उचलता येतं, झटकता येतं. मळक्या जाजमावर नवं जाजम कोण घालतं? पण हे मला सुचलं घरी, जेवून हात धुताना. माझं चुकलं ते वेळेत. मुद्द्यात नाही, आणि हे मी आजही कुणालाही ऐकवायला तयार आहे.

ब्लॉकची गाडी आली त्या सकाळी मी घरातली सतरंजी काढली, दारासमोर गल्लीच्या मधोमध अंथरली आणि वर मांडी घालून बसलो. ठेकेदारानं उन्हाची काळजी दाखवली. सरपंच आला, ठराव झालाय म्हणाला. मी म्हटलं, ठरावात ब्लॉक बसवा असं आहे, खालचं ठेवा असं कुठं आहे? आणि बसवायचेच असतील तर ह्या सतरंजीवर बसवा. हिला उचलल्याशिवाय जमत नसेल, तर काँक्रीट न उचलता कसं जमतं?

ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्या शेजारणीही येऊन सतरंजीच्या कडेला टेकल्या. मग सरपंचानं बाजूला जाऊन बराच वेळ फोन केला. दुपारी काँक्रीट फोडायचं मशीन आलं. शेजारणी उठून घरी गेल्या. माझं मात्र फरसबंदी या शब्दावर बोलायचं राहिलं होतं. मशीनवाल्याला ते मी अगदी मुळापासून सांगायला घेतलं.

बायको दारात आली. "आवं, ती मानसं कवाची खणायला हुबी हायती. आता सगळ्या गल्लीत तुमचीच तेवढी अडचन ऱ्हायलीया, उठा."