शाई केसाले पूस

"शाई केसाले पूस. भिंतीले लावू नको."

मालकाचा दिवाणजी माझ्या आईला म्हणाला. तो ओट्यावर बसलेला, आम्ही मायलेकी ओट्याखाली उभ्या. भिंतीला नवा रंग दिला होता. आईने पदर सारला आणि अंगठा केसांत पुसला.

बापाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मालकाच्या कपाशीत तो विषारी औषधाचा फवारा मारत होता. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा तोंडावर. पाठीवर पंप असतानाच पडला. अमरावतीच्या दवाखान्यात "मले दिसून नाही राहिलं" म्हणत गेला. इकडे मालकाने कागद करून ठेवला. त्यात लिहिले होते: गडी दारू पिऊन आला होता, आम्ही नको म्हटले तरी फवारायला गेला. अंगठा घेण्याआधी दिवाणजीने तो आम्हाला वाचूनही दाखवला. लपवायची त्यांना गरजच नव्हती.

"ते दारू पेत नव्हते, दिवाणजी. साऱ्या गावाले मालूम हाये," आई म्हणाली.

"गावाले असू दे मालूम. तू अंगठा दे."

मी नववीत होते. म्हटले, "आईले सही येते." साक्षरता वर्गात ती नाव काढायला शिकली होती. त्या चार अक्षरांचा तिला भारी अभिमान.

दिवाणजी हसला. "सही कायले? तुमच्यासारख्यायचा अंगठाच बरा."

मग त्याने आईचे मनगट धरले. ओढले. अंगठा शाईत दाबला, मग कागदावर. शिक्का मारावा तसा. आमचे घर मालकाच्या जागेत, आईची मजुरी मालकाच्या वावरात. दुसऱ्या दिवशी ती तिथेच तण निंदायला गेली.

पुढे मी बारावी झाले. विद्यापीठाने पॅरालीगलचा, म्हणजे लोकांना कायद्याचे कागद करून द्यायला शिकवणारा, प्रमाणपत्र कोर्स काढला, तेव्हा नाव घातले. दर रविवारी गावाहून वलगाव, तिथून अमरावती. शिकवायला अकोल्याचे एक म्हातारे वकील यायचे. एकदा त्यांनी आम्हाला एकमेकींची तक्रार लिहून घ्यायला सांगितली. मी शेजारणीची भराभर लिहिली, स्टॅम्पपॅड पुढे ओढले आणि तिचे मनगट धरले.

"हात काहून धरला?" सरांनी विचारले.

"अंगठा असाच घेतात ना, सर?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "जबरदस्तीनं घेतलेला अंगठा म्हणजे शाईचा डाग. माणूस सांगते तेच लिहायचं. त्याले वाचून दाखवायचं. पटलं तर तो आपल्या हातानं लावीन."

मी मनगट सोडले. अंगाची लाहीलाही झाली. दिवाणजीचा राग होताच, पण त्याची पकड माझ्या हातात येऊन बसली होती, त्याचा जास्त.

घरी येऊन आईला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. "मंग आता तुह्या बापाचं नाव साफ होते का?"

सरांना मी तेच विचारले होते. फार उशीर झाला, म्हणाले होते. आईला मी नाही म्हणून सांगितले. ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

मला प्रमाणपत्र मिळाले त्याच हंगामात मालकाच्या वावरात फवारताना त्याचा दुसरा गडी गफूरभाई पडला. तो दवाखान्यात, आणि त्याची बायको रजियाआपा ओट्याखाली. त्याच जागी. मालकाने मला बोलावून घेतले.

"तू आपल्याच घरची पोरगी. आता सर्टिफिकेटवाली. गडी पिऊन होता म्हणून लिही, हिचा अंगठा घे. तुह्या हातचं असलं म्हणजे कोनी बोट दाखवनार नाही."

मी ओट्यावर चढले नाही. खाली आपाजवळ मांडी घालून बसले. म्हटले, "आपा, तुमी सांगा."

"शराब को हाथ नई लगाते वो," आपा म्हणाली. "पंप गळ रहा था. मालिक को बोले भी थे."

मी तेच लिहिले. मग मोठ्याने वाचले, रस्त्यावर ऐकू जाईल असे.

मालक म्हणाला, "तुह्या मायले इचार, घर पायजे का नाही."

मी घाबरले. खोटे कशाला बोलू. पण आई मागेच येऊन उभी होती. ती म्हणाली, "मले काय इचारते? तू आपलं काम कर."

मी पॅड आपापुढे ठेवले आणि दोन्ही हात मागे घेतले. तिने एकदा दवाखान्याच्या वाटेकडे पाहिले आणि आपला अंगठा आपण उमटवला. मग तो हात सवयीने डोक्याकडे गेला. मी तिला माझी ओढणी दिली. पॅडची शाई माझ्याही बोटांना लागली होती. ती मी उठून मालकाच्या भिंतीला पुसली.

घर गेले. आता वलगावात भाड्याने राहतो, आईला आमच्या जुन्या गावात कोणी कामाला बोलावत नाही. फवारणी दरसाल येणार, माणसे पडणार आणि ओट्यावर कागद तयार असणार. तिथे मी जाऊन बसणार. माझ्यासमोर कोणी कोणाचे मनगट धरून दाखवावे.