पाच लेव्हलच्या आत

नीलेशदादावर मी लिहावं का, हे अजूनही मला नीट ठरवता आलेलं नाही. मी त्याच्या नात्यातला नाही, त्याच्या सटाण्याच्या घरी कधी गेलेलो नाही. आमची ओळख नाशिकच्या सिडकोतल्या एका सायबर कॅफेतली, तीही एका खेळातली. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, त्यामुळे असं काही कसं लिहितात हे विचारायलाही कोणी नाही. त्याला माझ्यापेक्षा जवळून ओळखणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण त्याने माझ्यासाठी जे केलं ते फक्त कॅफेतल्या लोकांनी पाहिलं होतं, आणि तो कॅफे आता बंद झाला आहे... म्हणून लिहितो.

मी तेव्हा अकरावीत होतो. नीलेशदादा अंबडच्या एका कंपनीत नोकरीला होता आणि रविवारी दुपारी माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचा. खेळ इंटरनेटवरचा. कुठकुठली माणसं एकाच वेळी त्या जगात तलवारी घेऊन फिरत. राक्षस मारले की अनुभवाचे गुण मिळत, गुण साठले की लेव्हल वाढे. पार्टी केली, म्हणजे गट करून लढलं, तर एकाने मिळवलेले गुण सगळ्यांत वाटले जात. अट एकच, दोघांत पाचपेक्षा जास्त लेव्हलचं अंतर नको. त्याहून जास्त असलं की वाटप बंद. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्याच्या मागे मागे धावत राहिलो, त्याने एकामागून एक राक्षस पाडले, आणि माझा आकडा जागचा हलला नाही.

"दादा, माझं काहीच वाढत नाहीये."

त्याने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. "कसं वाढेल? मी केवढा, तू केवढा."

"मग मी एकटाच खेळतो."

"थांब ना. घाई काय शे?"

नाशिकमध्ये इतकी वर्षं राहूनही त्याच्या तोंडातला सटाण्याकडचा, बागलाणचा 'शे' गेला नव्हता.

त्या खेळात मेलं की गुण जात, आणि फार गुण गेले की लेव्हल खाली येई. म्हणून मरणाला सगळेच भीत. नीलेशदादाने मात्र अंगावरचं चिलखत उतरवलं, तलवार ठेवून दिली आणि एका अवाढव्य राक्षसासमोर जाऊन नुसता उभा राहिला. मेला. परत जिवंत झाला, चालत तिथेच गेला, पुन्हा उभा राहिला... कॅफेचे मालक विलासभाऊ मागून बघत होते.

"ए सटाणा, झोप लागली का? वर्षभराची कमाई घालवतोय."

"पाहुणा आलाय, विलासभाऊ. घ्यायला खाली उतरायला नको?"

"पाहुण्याला अजून मिसरूड नाही फुटलं."

"म्हणून तर. जिना चढताना दमतो तो."

सगळे हसले, मीही हसलो. असे बरेच रविवार गेले. मग एका दुपारी त्याने एक राक्षस पाडला आणि माझा आकडा हलला. त्याने ते पाहिलं की नाही कोण जाणे. स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, "चहा सांग."

बारावीचं वर्ष सुरू झालं तसं वडिलांनी खेळ बंद करायला सांगितलं. मला एकाच गोष्टीची भीती होती, ती मी त्याला बोलून दाखवली. "मी थांबलो की तू पुढे जाशील. परत अंतर पडेल."

"नाही पडणार. तू अभ्यास कर."

मला ते खरं वाटलं नव्हतं. त्याच सुमारास तो नोकरी सोडून गावी गेला. घरी काम निघालंय, एवढंच म्हणाला, आणि घरचा फोन नंबर देऊन गेला.

मला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिथे अभ्यासाला आम्ही पाचसहाजण एकत्र बसायचो. इंग्रजी शाळांतली मुलं भराभर गणितं सोडवून पुढे जायची आणि त्यांच्यात बसूनही मी कोरा राहायचो. त्यांची चूक नव्हती. आपण मिळवलेलं दुसऱ्यासाठी कोणी कशाला सोडून द्यावं? फक्त मला एक माणूस माहीत होता, ज्याने सोडलं होतं.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. मी सगळ्या विषयांत पास झालो होतो. त्या दिवशी तिथल्याच एका कॅफेत जाऊन जवळजवळ दोन वर्षांनी खेळ उघडला. मित्रांच्या यादीत त्याचं नाव होतं, पण तो खेळत नव्हता. नावापुढे त्याची लेव्हल दिसत होती. माझ्यापेक्षा बरोबर पाच वर. एवढ्या काळात माणूस कुठल्या कुठे जातो... मी निरोप टाकला, "पास झालो. रविवारी ये." त्या रविवारी तो खेळात आला नाही, पुढच्याही नाही. पावसाळा सरत आला तेव्हा मी त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या धाकट्या बहिणीने उचलला. मी नाव सांगितलं.

"तुम्हीच का सागर?" ती म्हणाली. "बरं नव्हतं हो त्याला. नोकरी आजारामुळेच सुटली. जरा हुशारी वाटली की मी त्याला कॅफेत न्यायचे. थोडं खेळायचा आणि मग मुद्दाम मरायचा. मी म्हणायचे, दादा, असं माझ्यासमोर मरू नको रे, मला नाही बघवत. तर म्हणायचा, सागरला निकाल घेऊन परत येऊ दे, मग नाही मरणार."

"लागला निकाल," मी म्हणालो. "पास झालोय. सांगाल त्याला?"



"तुम्हाला कोणी कळवलं नाही का, भाऊ? पोळ्याच्या आदल्या दिवशी दादा गेला."