तशी काही तक्रार नाही

व्हर्लीन,

सुरुवातीलाच सांगते, ख्यालीखुशाली विचारायला मी हे लिहीत नाही. विचारून तू सांगणार काय? "बरं चाललंय म्हणायचं." हल्ली तू राहतेस त्या भाचीच्या घराला आग लागली तरी तू अंगणात उभी राहून हेच म्हणशील, आणि वर "ऊब तरी मिळतेय" अशी पुस्तीही जोडशील.

आपल्या या नदीकाठच्या मुलखात सगळे असेच. कॉफी विचारली की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "आता केलीच असेल तर अर्धा कप." मी इथल्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. हात मोडलेलं पोरसुद्धा "ठीक आहे, बाई" म्हणत वर्गात येऊन बसायचं. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

तू बीटाच्या साखर कारखान्यात होतीस आणि तुझा आर्लो बीटाचे ट्रक चालवायचा. लग्नानंतर दोघांनी मिळून ते गुलाबी-पांढरं पत्र्याचं ट्रेलरघर घेतलंत आणि विलो लेन या ट्रेलरघरांच्या पार्कमध्ये आणून ठेवलंत. घर तुमचं, खालची जमीन पार्कच्या मालकाची आणि जमिनीचं भाडं दर महिन्याला. म्हणायला चाकांवरचं घर, पण चाकं आर्लोनं पहिल्याच वर्षी विकली आणि त्यातून पुढच्या पायऱ्या बांधल्या. तो गेल्यावरही तू तिथंच राहिलीस. थंडी पडायच्या आत घराभोवती पेंढ्याच्या गठड्या लावायच्या आणि नळाच्या पाइपाला चिंध्या गुंडाळायच्या, हे सगळं एकटीनं. पार्कचा जुना मालक एल्डन होता तोवर निभावलं. पाणी गोठलं की तो स्वतः येऊन घराखाली सरपटायचा. तो वारला, मुलांनी पार्क कुठल्याशा दूरच्या कंपनीला विकलं, आणि तुझ्या नळाला पातळ कॉफीसारखं पाणी यायला लागलं.

"हे पाणी आहे की काय गं?" मी एकदा विचारलं.

"रंग आहे नुसता, बाई. लोह असतं म्हणे त्यात. रक्ताला बरं."

"रक्ताला बरं, तर मग पांढऱ्या चादरी चर्चच्या धुलाईयंत्रात धुवायला का नेतेस?"

"रक्ताला बरं. चादरींना नाही."

त्याच सुमारास आपल्या नगरपालिकेनं भाड्याच्या घरांसाठी समिती नेमली आणि मला त्यात घेतलं. भाड्याच्या खोल्या, ट्रेलरघरं, पार्कमधले नळ आणि गटारं, सगळ्याची तपासणी करायचं ठरलं. जमिनीखालचा पाइप मालकानं दुरुस्त करायचा, घराच्या आतलं घरवाल्यानं. मात्र रस्ता खणून नवा पाइप टाकायचा हुकूम काढायचा तर रहिवाशांची तक्रार हवी. ते कलम मला खटकलं होतं आणि मी त्यावर भांडलेही. पण बाकीचे म्हणाले, कुणाची तक्रारच नसेल तर आपण कशाच्या जोरावर खणायला लावणार? मला वाटलं, अख्ख्या पार्कात एक तरी माणूस तोंड उघडेल. मी नियमाच्या बाजूनं हात वर केला. आजही करीन. त्याच नियमामुळे बेकरीवरच्या खोल्यांना आगीच्या वेळचा जिना मिळाला, आणि तिथं लहान मुलं राहतात.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम तुझ्याकडे आले होते.

"उद्या कर्टिस येईल. विचारेल, पाण्याबद्दल काही तक्रार आहे का. तू काय म्हणायचं?"

"आहे म्हणायचं."

"म्हणून दाखव."

"आहे."

"मोठ्यानं."

"बाई, मी काही सातवीत नाही!"

असतीस तर बरं झालं असतं, उठाबशा तरी काढायला लावल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कर्टिस नॉर्डाल आला. माझाच जुना विद्यार्थी, आता पोट सुटलेला, नगरपालिकेचा तपासनीस. दारातच त्यानं मला बजावलं, "बाई, तुम्ही समितीत आहात. तुम्ही मध्ये बोलायचं नाही." त्याचं बरोबर होतं, म्हणून मी ओठ आवळून बसले. त्यानं बूट बाहेर काढले. तू त्याच्यापुढे खजुराच्या वड्या ठेवल्यास, त्यानं दोनदा नको म्हणून तीन खाल्ल्या. मग नळ सोडला. त्या दिवशी सकाळीच कंपनीच्या माणसानं सगळे पाइप धुऊन काढले होते. पाणी आलं ते आरशासारखं.

"छान आहे की," कर्टिस म्हणाला. "एरवी काही तक्रार, व्हर्लीनमावशी?"

तू माझ्याकडे बघितलंस, मग त्याच्याकडे, मग त्याच्या मोज्याला पडलेल्या भोकाकडे.

"तशी काही तक्रार नाही."

"नक्की?"

"तुम्हा लोकांना तरी किती कामं, या दिवसांत."

तो न्हाणीघरात गेला आणि पुढच्याच क्षणी मोठा आवाज झाला. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत फळ्यांच्या जमिनीतून खाली गेला होता. पाण्याच्या दाबानं पाइपाचे सांधे कधीचे उसवले होते, गळून गळून टबाखालच्या फळ्यांचा भुसा झाला होता. तू एक पाट टाकून त्यावर उभी राहून अंघोळ करत होतीस आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"अगंबाई! माफ कर हं, कर्टिस," तू धावत जाऊन म्हणालीस. "तिथं पाय ठेवायचा नसतो. माझं सांगायचं राहूनच गेलं."

तुझ्या ओळीतली बाकीची घरंही तुझ्याच वळणाची निघाली. कुणी म्हणालं, आमच्याकडे ठीक आहे. कुणी म्हणालं, याहून वाईट पाणी बघितलंय. झालं! तक्रार नाही म्हणजे रस्ता खणायचा हुकूम नाही, कंपनी मोकळी. तुझ्या न्हाणीघराची जमीन मात्र घराच्या आतली, म्हणजे तुझी जबाबदारी. दारावर लाल कागद चिकटला: हिवाळ्याच्या आत दुरुस्ती करा, नाहीतर घर राहायला अयोग्य ठरेल. मी दोन सुतार आणले. दुसरा तर गुडघ्यावर बसून नुसतं बघत राहिला. "एक फळी काढली की शेजारची हातात येईल," तो म्हणाला, "मी कुठं थांबायचं?" घर उचलून दुसरीकडे न्यावं म्हटलं, तर इतकं जुनं घर कुठलाही पार्क आत घ्यायला तयार नव्हता.

मग मी नगरसभेपुढे सुनावणी मिळवली. प्रत्येकाला तीन मिनिटं. समितीत असल्यामुळे मला बोलायला बंदी. तू निळा कोट घालून उभी राहिलीस.

"मी व्हर्लीन स्टॉकी, विलो लेन. तुम्ही सगळे जेवणं सोडून संध्याकाळी इथं येऊन बसता, त्याबद्दल आभार. आणि कर्टिसच्या पायाला फार लागलं नाही ना?"

आणि तू बसलीस! महापौरबाई भल्या आहेत. त्यांनी स्वतःहून विचारलं, "पाण्याबद्दल काही सांगायचंय का तुम्हाला?"

तू अर्धवट उठलीस. "आता ते... चालायचंच."

"अगं, नीट बोल ना!" मी मागून ओरडले.

"बाई, कृपया," महापौरबाई म्हणाल्या, आणि सगळी सभा माझ्याकडे वळून बघायला लागली. लाल कागदावरचा हुकूम कायम राहिला. त्यांना तरी दुसरं काय करता येणार होतं? त्यांच्यासमोर होती एक मोडकी जमीन आणि एक तक्रार नसलेली बाई.

परतताना गाडीत मी तुझ्यावर खेकसले. "का नाही बोललीस?"

"बोलले की."

"काय बोललीस?"

"'चालायचंच' म्हटलं. भर सभेत. सगळ्यांदेखत. याहून जास्त माणसानं काय बोलायचं? एल्डनला नुसतं 'बरं आहे म्हणायचं' म्हटलं की तो टॉर्च घेऊन यायचा. त्याला कळायचं ना."

मी इथेच जन्मले, इथेच म्हातारी झाले, आणि समितीत बसून नियम लिहिताना 'तक्रार' हा शब्द राहू दिला तो अशा कुणा माणसांसाठी, जी आपल्या गावात राहतच नाहीत. कर्टिससुद्धा इथलाच. 'तशी काही तक्रार नाही' म्हणजे काय, हे त्यालाही घरच्या ओट्यापाशी कळलं असतं, पण तो कामावर होता.

मुदत संपली आणि घर पाडलं, तेव्हा तू माझ्या गाडीतून बघत होतीस. यंत्राच्या एका दणक्यात गुलाबी पत्रा दुमडला. "चालक चांगला आहे," तू म्हणालीस, "फुलझाडांच्या कडेनं गेला." मी गाडीतला रेडिओ मोठा केला. मला काहीतरी फोडावंसं वाटत होतं आणि हाताशी रेडिओच होता.

आता मुद्द्याचं. कायद्याच्या लेखी ते घर म्हणजे वाहन आहे, मोटारीसारखं. ते मोडीत निघालं असं घरमालकानं स्वतः कोर्टाच्या इमारतीतल्या वाहनांच्या खिडकीवर जाऊन सांगितल्याशिवाय ते जिवंतच राहतं, आणि त्याचा कर तुझ्या नावावर चढतो. त्यासाठी आपण एकदा गेलो होतो. पुढे चार माणसं होती. तू म्हणालीस, "त्या मुलीला जेवायला जायचं असेल. राहू दे, पुढच्या वेळी." पुढच्या वेळेआधीच भाची येऊन तुला दूर बिस्मार्कला, तिच्या घरी घेऊन गेली. मार्चमध्ये यायचं ठरलं, तर बर्फ. मेमध्ये तुझा गुडघा. मधे मी एकटीच जाऊन आले. ती मुलगी गोड हसून म्हणाली, "मालकीणबाईंनाच यावं लागेल."

बीटाचे ट्रक पुन्हा रस्त्यावर आलेत, म्हणजे वर्ष होत आलं. परवा फोनवर मी विचारलं, कधी येतेस? तू म्हणालीस, "बघू." आता मला त्याचा अर्थ कळतो: यायचंय, पण कुणाला त्रास नको. खिडकी शुक्रवारी लवकर बंद होते, बाकीचे दिवस उघडी असते. तुला न्यायला गाडी मी काढीन. तू फक्त ये.

अर्डिस