इतकं बारीक की दिसतच नाय

आमच्या शेणव्यात सारिका धानकेला सारिका म्हणून हाक मारणारी माणसं आता फार थोडी उरलीत. एक तिची आई बाईजा, एक बाप कमळू आणि शेजारी म्हणून मी. बाकी सगळ्यांसाठी ती 'नॅनोवाली'. ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय नॅनोटेक्नॉलॉजी. या विषयात शेणव्याचं ज्ञान इतकं गाढ आहे की तिच्या प्राध्यापकांनी एकदा आमच्या पारावर येऊन बसायलाच हवं.

पहिल्या वर्षी गावाने ठरवलं की नॅनो म्हणजे ती छोटी मोटारगाडी. "ती गाडी तं कवाच बंद झाली. आता हिला कामाला कोन घेनार?" ही काळजी पारावर बरेच दिवस चालली. एकाने तर तिला अडवून विचारलं, मेव्हण्याची नॅनो चढाला धूर सोडते, जरा बघशील का? सारिकाने त्याला उभ्या उभ्या समजावलं, की आपला विषय म्हणजे केसापेक्षा हजारो पटींनी बारीक कण. भाताच्या तुसाची राख करून ती त्यातून असे कण काढते आणि त्यांनी गढूळ पाणी गाळता येतं का ते पाहते. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे राखुंडी." मग राखुंडी शिकायला रोज कल्याणच्या पुढे कशाला जावं लागतं, असा नवा प्रश्न निघाला.

सारिकाही काही कमी नाही. तिला काहीही विचारा, तिचं उत्तर एकच, "मोजल्याशिवाय कसं सांगू?" बाईजाने कालवणात मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी हेच. बाईजा म्हणते, "या पोरीला नवरा दाखवायला नेला तं ही आधी फूटपट्टी मागंल."

आणि बाप कमळू म्हणजे या पोरीचं बरोबर उलटं टोक. गावात कुणाशी वाकडं नको, हा त्याचा जन्माचा नेम. कुणी म्हणालं आज सोमवार, तर सोमवार. दुसरा म्हणाला मंगळवार, तर तोही खरा. भावांनी एकदा त्याला घेरून सांगितलं होतं, पोरीला एवढं शिकवू नकोस, हाताबाहेर जाईल. कमळूने सगळ्यांना 'होय, होय' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिची अ‍ॅडमिशन करून आला. भांडला नाही आणि ऐकलंही नाही. या एका गोष्टीसाठी मला तो माणूस आवडतो, बाकी त्याच्या 'होय, होय'ची मला मनस्वी चीड आहे.

या वर्षी लावणी उरकली आणि अनंताने आपल्या खताच्या दुकानात एक बाटली आणली. 'नॅनो-भातवैभव'. आत हिरवंगार पाणी, वर लोंबीचं चित्र. युरियाची गोण हवी तर ही बाटली घ्यावीच लागेल, असा त्याने नियम काढला. लोक कुरकुरायला लागले. तेव्हा अनंताच्या डोक्यात वीज चमकली. गावात नॅनो शिकलेली पोरगी असताना आपण घसा का कोरडा करतोय? तो कमळूकडे आला. पंधरा ऑगस्टला समाजमंदिरात सारिकाचा सत्कार करू, शाल देऊ, श्रीफळ देऊ. तिने फक्त दोन शब्द बोलायचे, बाटली चांगली आहे म्हणून. कमळू काय म्हणाला हे मी सांगायला नको.

सारिकाला हे कळलं तेव्हा नाक्यावर बॅनर लागलेला होता. तिचा फोटो, शेजारी तेवढीच मोठी बाटली आणि वर 'शेणव्याची कन्या, नॅनोचा भरवसा'. फोटोत तिच्या गालांना अनंताने लाली लावून घेतली होती. तिने काही आदळआपट केली नाही. एक बाटली उचलली आणि कॉलेजात घेऊन गेली. तिथे कणांचा आकार मोजणारं यंत्र आहे. त्यावर नंबर लागायला मुलं हातापाया पडतात. स्वतःच्या राखेचा नंबर तिने या बाटलीला दिला. पाण्यात प्रकाश सोडायचा आणि तो कसा विखुरतो त्यावरून कण ओळखायचे, अशी त्याची रीत. कण नव्हतेच. तिने पुन्हा मोजलं. मग रसायनशास्त्राच्या मैत्रिणींकडून उरलेलं तपासून घेतलं. पाणी, किंचित मीठ आणि हिरवा रंग.

आदल्या संध्याकाळी तिने हे बापाला सांगितलं. मी ओटीवरच होतो.

"बाबा, आत पानीच हाय. नुसता रंग टाकलाय."

कमळूने आधी रस्त्याकडे बघून घेतलं. "तू नको बोलू तसं. शाल घे, 'धन्यवाद' म्हन आन् ये."

"गावानं मला आजपावेतो कधी काय विचारलंय का? पयल्यांदा विचारतायत. आन् मी खोटं सांगू?"

"मला त्यांच्यातच ऱ्हायचंय गो," कमळू म्हणाला.

खरं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणून मला दोघांचाही राग आला. पोरीचं सगळं शिक्षण आता त्या एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं. ती खरं बोलली आणि गावाने मानलं, तर ती शिकलेली. नाही मानलं, तर जन्मभर राखुंडी.

ती बोलली. शाल खांद्यावर, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात सत्काराचीच बाटली. माईकसमोर तिने यंत्र काय करतं ते सांगितलं, जरा जास्तच लांबण लावून, आणि शेवटी म्हणाली, "आमच्या मशीनला या बाटलीत नॅनोचा एकही कण दिसला नाही."

अनंता उठला. मला वाटलं, आता हा पाय धरतो की काय. त्याने माईक घेतला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, "ऐकलं का? कॉलेजच्या मशीनला पन दिसत नाय, इतकं बारीक हाय!"

टाळ्यांनी पत्रा हलला. लोक उठून बाटल्यांकडे धावले. पारावरचे एक आजोबा मला म्हणाले, "पोरगी शिकलीय बाकी. कसं फोड करून सांगितलंन." सारिका माईकसमोर तशीच उभी होती. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला बघून लोकांना वाटत होतं, सत्काराने भारावली. कमळू खाली मान घालून चपला शोधत होता.

बाईजाने मात्र बाटली पोरीच्या हातातून काढून अनंतापुढे ठेवली. "शाल आमी ठेवतो, थंडी असते. ही तुमची तुमाला," एवढं बोलून ती पोरीला घेऊन निघाली. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दोन दिवसांनी कमळू पाठीला पंप लावून भातात फवारणी करताना दिसला. रस्त्यावरून दिसेल अशा बांधावर 'नॅनो-भातवैभव'ची रिकामी बाटली उभी केलेली. येणारे जाणारे हाक मारत होते, "मारलं का नॅनो?" "होय, होय." सारिका घरातून बघत होती. तडक शेतात गेली, म्हणून मीही मागोमाग गेलो. आम्हाला वाटलं होतं की पंपातून हिरवं उडत असेल. उडत होतं ते स्वच्छ पाणी.

"औषध वतून दिलं," कमळू हळूच म्हणाला. "तूच बोललीस ना, पानीच हाय म्हनून? मंग आपल्या हिरीचं काय वाईट?"

सारिकाने बापाकडे पाहिलं. "म्हंजे तुमाला पटलं होतं. तिथं लोक टाळ्या वाजवत होते तवा पन पटलं होतं."

"होय."

"मंग बाबा, तुमचा इश्वास पन नॅनोच. मशीनला पन नाय दिसायचा."

त्यानंतर ती बापाशी बोलेनाशी झाली. सकाळी जायची, रात्री यायची, ताट घेऊन कोपऱ्यात बसायची.

या वर्षी पाऊस बेताने पडला आणि भातं सगळीकडेच बरी आली. कमळूचं शेत रस्त्याला लागून, म्हणून अनंताने तिथे पाटी ठोकली, 'नॅनो-भातवैभव प्रात्यक्षिक प्लॉट'. कमळूने त्यालाही 'होय' म्हटलं. दसऱ्यानंतर अनंताने त्याच बांधावर मेळावा भरवला, कारण आता भेंडीचा हंगाम येणार होता आणि 'नॅनो-भेंडीवैभव' विकायचं होतं. मुरबाडकडचे पाहुणेही बोलावले. वडापाव होते. सारिका सुट्टीची घरी होती, ती लांब पडवीत बसून पुस्तक वाचल्यासारखं करत होती.

"आता कमळूदादा आपला अनुभव सांगतील," अनंता म्हणाला.

कमळूने माईक हातात घेतला. आधी पडवीकडे बघितलं, मग पाटीकडे. माईक तोंडाजवळ नेला, तसा तो खरखरला.

"मी पानी मारलं," तो म्हणाला. "हिरीचं."

अनंता हसला. "म्हंजे पान्यात मिसळून..."

"नाय. औषध गटारात वतलं. माझी पोरगी खरं बोलली व्हती. बाटलीत काय नाय. मी तवाच उठून सांगायला पायजे व्हतं."

अनंताने माईक मागितला. कमळूने दिला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने कुणाला काही दिलं नाही. मुरबाडचे पाहुणे शेताकडे पाहू लागले, मग विहिरीकडे, आणि मग एकेकाने हातातली बाटली परत खोक्यात ठेवली. वडे मात्र संपवले.

आता पारावर या गोष्टीचा निकाल लागलाय. यंत्राने जे सांगितलं ते तेव्हा कुणाला पटलं नव्हतं, कमळूच्या विहिरीने सांगितलेलं सगळ्यांना पटलं. त्या दिवसापासून सारिकाकडे बघून माणसं कौतुकाने म्हणतात, "पोरगी हुशार हाय. बापावर गेली."

हे ऐकलं की सारिका पाय आपटते. पण ताट घेऊन आता पुन्हा बापाशेजारी बसते.