केराबाईनं सांगितलेला शेवट

केराबाईसारखं वाचणारी बाई शुक्रवार पेठेत दुसरी न्हाय, पर हे मी तिच्या तोंडावर कदी म्हणायची न्हाय. आधीच नाक वर! माढ्याची, सातवी शिकल्याली. नवरा गिरणीत. आमी सगळ्या तिच्या ओसरीवर विड्या वळायला बसायचो. रीतच हुती तशी. तिनं वाचायचं, आन तिच्या वाटणीच्या विड्या आमी वळायच्या. हातात कातर, मांडीवर सूप, कान तिच्याकडं. कुणी तंबाखूनं शिंकलं तर बया डोळे वटारायची.

अर्थ सांगायची तिला लई हौस. गोष्टीत चिमणी मेली की हिचं सुरू, "चिमणी म्हंजे तिचं माहेर." अगं, चिमणी म्हंजे चिमणी! पर सांगायची इतकं ग्वाड, की आमी माना डोलवायचो.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत तिनं अंकातली एक गोष्ट वाचली. दोन जोडपी, मधी एक भिंत. अलीकडचा नवरा मारकुटा, म्हणून बायको घर सोडून जाती. मग तो हातापाया पडून तिला माघारी आणतो. ती घरात पाऊल टाकती, तो दाराला आतनं कडी लावतो. पलीकडचं जोडपं जेवता जेवता थांबतं. संपली गोष्ट.

"संपली? आन फुडं काय झालं?" मी वरडलेच.

आमच्यात अक्कम्मा बसली हुती. इशीतली पोर, अक्कलकोटाकडं दिल्याली. नवऱ्यानं, त्या सिद्धलिंगप्पानं, दंडावर तापलेलं उलथनं टेकवलं म्हणून आई शिवबाईकडं पळून आल्याली. आता तो दर मंगळवारच्या बाजाराला यायचा आन चल म्हणून दारात बसायचा. येत्या मंगळवारी जायचं का न्हाय, ते तिला ठरवायचं हुतं. तिच्या हातातली विडी अर्धीच राहिली.

"अक्का, त्यानं कडी का लावली?" तिनं केराबाईला इचारलं.

"कोंडायला! आणिक कशाला?" मी म्हणलं.

"तुला काय कळतंय?" केराबाई माझ्यावर उसळली. "कडी म्हंजे संसार. भाईरचं भाईर, आत दोघंच. आता तो तिला जपणार."

"मग पलीकडची जेवायची का थांबली?" मी इचारलं.

"त्यांचं काय? ती नुस्ती ऐकत्यात."

अक्कम्मा लई दिसांनी हसली. घरी जाताना मी तिला म्हणलं, "बाई गं, गोष्ट राहू दे, तू तुझा दंड बघ." पर माझ्या बोलण्याला केराबाईची गोडी कुटली?

मंगळवारी सिद्धलिंगप्पा आला तवा आमी सगळ्या शिवबाईच्या दारात जमलो हुतो. पांढरंधोट धोतर, तोंडात साखर, सासूला नवं लुगडं. अक्कम्मानं गाठोड्याबरोबर आपलं सूप आन कातर घेतली हुती. त्यानं दोनी तिच्या हातातनं काढून खाली ठेवली.

"हिला आता कामाची गरज न्हाय. गावात कुणाकडं जायची बी न्हाय. मी हाय की," तो हसत म्हणाला.

शिवबाईला केवढं कौतुक वाटलं जावयाचं! पर केराबाईचं तोंड खर्रकन उतरलं. सगळ्यांना सारून ती फुडं गेली आन तिनं अक्कम्माचं मनगट धरलं.

"अगं, त्या दिशी मी सांगितलं ते माझ्या मनचं. लिवणाऱ्यानं तसं लिवलं न्हाय."

"मग काय लिवलंय?"

"काईच न्हाय. कडी लावली, एवढंच. जाऊ नगंस, पोरी."

अक्कम्मानं हळूच हात सोडवून घेतला. "त्यानं काईच लिवलं न्हाय, तर मग तुमचंच खरं धरते की, अक्का. माझ्या संसाराबद्दल एवढं चांगलं कुणीच बोललं न्हाय."

ती टांग्यात चढली. सिद्धलिंगप्पानं तिचं गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं आन टांगेवाल्याला चल म्हणाला.