दोन दारांची वरात

गिरणी बंद पडली तेव्हा वडील त्रेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांना माग चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं. हे मी त्यांना कमी लेखायला लिहीत नाही. माग चालवणं सोपं काम नाही. पण परळ सोडून आम्ही अंधेरीला आलो आणि अंधेरीत कुणाला माग चालवून घ्यायचा नव्हता.

अंधेरीला यायचं कारण एकच, आईच्या मावसबहिणीने पोटमाळा दिला. त्या पोटमाळ्यावर आम्ही सहा जण राहायचो. तिथे बसता यायचं, झोपता यायचं. उभं राहायचं असेल तर शिडीने खाली उतरावं लागायचं. वडिलांना रखवालदाराची रात्रपाळी मिळाली, म्हणजे दिवसा ते झोपणार. मी तेव्हा नुकताच कॉमर्स कॉलेजात जाऊ लागलो होतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मला पुस्तक उघडायला जागा नव्हती. पान उलटल्याचा आवाज झाला तरी वडील कूस बदलायचे.

आई जुहूला एका बंगल्यात पोळ्या करायला जायची. तिनेच मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दुपारी गॅरेजमध्ये बसू दे त्याला, बल्ब आहे तिथे. फक्त गाडीला हात लावायचा नाही.

गाडी म्हणजे मस्टँग. मालकांनी परदेशातून आणलेली, दोन दारांची, लांबलचक नाकाची अमेरिकन गाडी. तिचा कुठलासा पार्ट मिळत नव्हता म्हणून ती खाकी ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री मागच्या बाजूला फाटलेली होती. तिथून डिकी दिसायची आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन उभे लाल दिवे. तीन वर्षं मी त्या सहा दिव्यांसमोर गोणपाटावर बसून अभ्यास केला. आत काय आहे ते कधी पाहिलं नाही आणि हातही लावला नाही. एवढा मी प्रामाणिक होतो, किंवा भित्रा. फक्त बी.कॉम. झालो त्या दिवशी पेढे वाटताना एक पेढा तिच्या डिकीवर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीभर मुंग्या झाल्या आणि मालकीणबाईंनी आईला ऐकवलं, तुमचा मुलगा शिकला खरा, पण सुधारला नाही.

पुढे बंगला विकला गेला आणि गाडीही कुठेतरी गेली. मला सरकारी खात्यात नोकरी लागली, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो, बोरीवलीला वन बीएचके झाला. मस्टँग मात्र डोक्यातून गेली नाही. लग्नानंतर आठ दिवसांनी बायकोने माझं कपाट उघडलं तर दाराच्या आतल्या बाजूला त्या गाडीचं चित्र. तिला वाटलं होतं तिथे कुलदैवत असेल. कुलदैवत होतं, पण खाली आणि लहान. त्यावरून तिने मला जे ऐकवलं ते अजून अधूनमधून ऐकवते.

मस्टँग भारतात विकायला आली तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घालून शोरूममध्ये गेलो होतो. गाडीभोवती दोरी बांधलेली होती. टाय लावलेल्या एकाने विचारलं, सर, सध्या कुठली गाडी वापरता? मी खरं ते सांगितलं, दोनशे चौऱ्याऐंशी नंबरची बस. त्याने मला ब्रोशर दिलं आणि दारापर्यंत सोडायला आला.

लोकांचा एक गैरसमज होतो म्हणून सांगतो. मला ती गाडी घ्यायची कधीच नव्हती. पेन्शनवर जगणारा माणूस आहे मी, वेडा नाही. मला एकदा तिच्यात बसायचं होतं. बास.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मुलुंडचा, उंचापुरा, शांत. हॉल बोरीवलीत आमच्या घराजवळ घेतला. मुलाकडच्यांनी सगळं समजुतीने घेतलं. मी एकच हट्ट धरला, वरातीची गाडी माझी. अंधेरीत लग्नासाठी भारी गाड्या भाड्याने देणारा एक माणूस मी शोधून काढला आणि त्याच्याकडे लाल मस्टँग होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, मला साधी कॅब चालेल. हे माझ्यासाठी चाललंय की तुमच्यासाठी?"

मी म्हटलं, दोघांसाठी. हेडक्लार्क माणूस खोटं बोलत नाही, फक्त मोघम बोलतो.

मी रीतसर फाईल उघडली. गाडी जमिनीलगत असते, म्हणून रिक्षा करून बोरीवली ते मुलुंड सगळे गतिरोधक मोजून आलो. रिक्षावाल्याला वाटलं मी महापालिकेचा, त्याने वाटेतल्या खड्ड्यांची तक्रार केली, तीही मी लिहून घेतली. हॉलच्या फाटकाचा उतार पट्टी लावून मोजला. पत्रिकेवर माझ्या नावापुढे बी.कॉम. छापून घेतलं होतं, तेव्हा व्यवस्थाही बी.कॉम. माणसाला शोभेल अशी हवी होती. गाडी दुपारी दोनला येणार, वरात चारला निघणार. मधल्या दोन तासांत मी हळूच जाऊन पाच मिनिटं तिच्यात बसून येणार. हे फाईलमध्ये नव्हतं.

गाडी आली दोनला. पण मुलीच्या बापाला लग्नात पाच मिनिटं मिळतात असं मला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. व्याह्यांच्या पंगतीत आग्रह करायचा होता, भटजींची दक्षिणा, फोटोवाल्याच्या सूचना, कुणाचा तरी चष्मा हरवलेला. मी मठ्ठ्याचा जग हातात धरून खिडकीतून बघत होतो. जावयाचे मित्र गाडीत बसले, सेल्फी काढले. माझा मेव्हणा बसला. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी बसला, जो दर मीटिंगला माझ्याशी भांडतो. आइस्क्रीमच्या काउंटरवरचा माणूससुद्धा बसून आला. शेवटी साडेतीनला मी मोकळा होऊन खाली धावलो, तर काळा चष्मा लावलेल्या ड्रायव्हरने दार लॉक करून घेतलं होतं.

"अंकल, बस झालं आता," तो म्हणाला. "सीटची वाट लागली. आता ओन्ली दुल्हा-दुल्हन."

मी त्याला सांगू शकलो असतो की ही गाडी मी ठरवली आहे. पण मागून मोठी बहीण आली. ती म्हणजे मुलीची आत्या. पासष्टी उलटलेली, कोकणात वाढलेली, आणि आमच्या घरात शेवटचा शब्द तिचा. ती नारळ, लिंबं आणि झेंडूच्या माळा घेऊन आली होती. ड्रायव्हर म्हणाला, हार चालणार नाही, पेंटला ओरखडे येतात, आणि नारळ तर अजिबात नाही. बहिणीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. नारळ गाडीपासून दोन हातांवर फुटला, ड्रायव्हर गाडीला पाठ लावून आडवा उभा राहिला आणि नारळाचं पाणी त्याच्या बुटांवर गेलं.

चार वाजता वरात निघायची वेळ झाली आणि माझ्या फाईलमधली चूक उघडी पडली.

मला त्या गाडीचं इंजिन पाठ होतं. मागचे दिवे तर मी डोळे मिटून काढून दाखवीन. पण तिच्या आत कोण कुठे बसतं याचा मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत विचारच केला नव्हता. दोन दारं. पुढे ड्रायव्हर आणि एक जण. मागे दोन, आणि त्या दोन जागासुद्धा अशा की जणू गाडी बनवणाऱ्याने नंतर आठवण झाल्यावर टाकल्या. आमच्याकडे वरातीत नवरा-नवरी तर असतातच, शिवाय नवरीसोबत तिच्या माहेरची एक पाठराखीण जाते, पहिल्या दिवशी नवख्या घरात आपलं माणूस हवं म्हणून. पाठराखीण अर्थातच आत्या होती. तिने त्यासाठी गुडघ्यांना तेल लावून घेतलं होतं.

शालू नेसलेली नवरी मागे शिरणं शक्य नव्हतं, म्हणून मुलीला पुढे बसवायचं ठरलं. जावई मागे गेले. घडी घालून गेले म्हटलं तरी चालेल. सहा फुटांचा माणूस आत शिरला आणि चार फुटांचा होऊन बसला. मग आत्या. पुढची सीट वाकवून जी फट होते त्यातून तिचं डोकं गेलं, खांदे गेले, आणि नऊवारी अडकली. ना आत, ना बाहेर. आतून तिचा आवाज आला, "माझो एक पाय खंय रवलो, तो बघा आदी."

पाय बाहेर होता. बायकोने आणि दोन जावांनी तिला धरून मागे ओढलं. ती बाहेर आली तेव्हा अंबाडा सुटलेला, आणि नजर माझ्यावर.

मग कोण जाणार यावर चर्चा सुरू झाली. बायकोच्या बहिणीची मुलगी बारीक होती. पण माझ्या भावाची मुलगीही बारीक होती, आणि पाठराखिणीचा मान कुणाला हा प्रश्न आला की बारकेपणा बाजूला राहतो. दोन्ही आयांचे चेहरे फुगायला लागले. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. जावई आतून नम्रपणे म्हणाले, जरा लवकर ठरवाल का, पायाला मुंग्या येतायत.

मी मान खाली घालून उभा होतो. पोरीच्या वरातीचा मी तमाशा केला होता, आणि गाडी आता माझ्यासमोरून निघून जाणार होती.

आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुकाच बसाचा होता ना तेच्यात? मगे बस."

मी म्हटलं, ताई, मुलीचा बाप कधी पाठराखीण जातो का?

"मुलीचो बाप कधी असली गाडी आणता?" ती म्हणाली.

बायको डोळे पुसत होती. पाठवणीचं रडणं तिने नुकतंच सुरू केलं होतं. ती रडता रडता हसायला लागली आणि म्हणाली, "अहो, जा. नाहीतर उरलेलं आयुष्य मला ऐकावं लागेल."

मुलीने शालू सावरला, पुढे झाली आणि माझ्यासाठी सीट वाकवून धरली.

मी आत शिरलो.

माझे गुडघे हनुवटीला टेकले, डोकं मागच्या काचेला लागलं. शेजारी जावई त्याच अवस्थेत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. समोर मुलीचा अंबाडा आणि गजरा, बाकी काही दिसत नव्हतं. मग ड्रायव्हरने गाडी सुरू केली. तीन वर्षं मी त्या गाडीच्या मागे बसलो होतो, पण ती सुरू झालेली कधी ऐकली नव्हती. तो आवाज सीटमधून पाठीत आला, पाठीतून दातांत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जावयांनी विचारलं, बाबा, त्रास होतोय का? मी म्हटलं, नाही. पुढून मुलगी म्हणाली, त्यांना त्रास नाही होत, त्यांना आनंद झाला की ते असेच दिसतात.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला ट्रॅफिक होता. चारशे घोड्यांची ती गाडी सायकलच्या वेगाने चालली होती. पवईला एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन ड्रायव्हरला विचारलं, भाई, एव्हरेज काय देते? ड्रायव्हरने काच वर केली. मला आकडा माहीत होता, पण मागची काच उघडत नाही. प्रत्येक गतिरोधकाला मी आधीच "आला" म्हणायचो, कारण मी ते मोजले होते, आणि आम्ही दोघं माना खाली घालायचो. भांडुप येईपर्यंत आमचं चांगलं जमलं. जावयांनी सांगितलं की त्यांना गाड्यांतलं काही कळत नाही. मी म्हटलं, आता कळलं असेल.

मुलुंडला विहीणबाई आणि त्यांच्याकडच्या बायका ओवाळायला दारात उभ्या होत्या. उंबरठ्यावर तांदळाचं माप होतं. मुलगी उतरली, जावई उतरले. विहीणबाईंनी गाडीत वाकून पाहिलं आणि विचारलं, पाठराखीण कुठे आहे?

मी उलटा बाहेर आलो, आधी पाय, मग बाकीचा. पाय सुन्न झाले होते म्हणून गाडीचं छप्पर धरून उभा राहिलो. पाठराखिणीसाठी त्यांनी साडी काढून ठेवली होती, हिरवी, ताटात घालून. विहीणबाई ताटाकडे बघू लागल्या, मग माझ्याकडे. त्यांच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मान तो मान. द्या त्यांना."

मी साडी दोन्ही हातांनी घेतली. बायका इतक्या हसल्या की मुलीने माप ओलांडलं ते कुणाच्या लक्षातच आलं नाही; तिला परत मागे जाऊन ओलांडावं लागलं. मग मला चहा दिला. मी तासभर बसलो, मुलगी घरात रुळतेय का ते पाहिलं. ती सासूला मिक्सर कुठे आहे असं विचारत होती. मी उठलो. गाडी केव्हाच अंधेरीला गेली होती. रिक्षा करून घरी आलो आणि साडी ताईच्या हातात दिली. तिने ती उलगडून पाहिली, काठ बरे आहेत म्हणाली आणि आपल्या पिशवीत टाकली.

मुलगी सासरी पोचली. आणि मी मस्टँगमध्ये बसलो, बोरीवली ते मुलुंड, सव्वा तास.