डब्यातलं ढेकूळ

नाव जानराव फकिरा मेश्राम. मूळ गाव साकोलीकडचं, सध्या मुक्काम भिलाई, कॅम्प एक. हुद्दा हेल्पर, पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनचं, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांचं, बांधकाम. उंची बेताची. ओळखखूण, कपाळावर विळ्याचा व्रण. वर्तणूक समाधानकारक. व्यसनं नाहीत, तक्रारी नाहीत, आवडीनिवडी विचारलेल्या नाहीत.

अठ्ठावन्न साली भिलाईत सर्वांत जास्त लाड बांधून झालेल्या पहिल्या भट्टीचे चालले होते. रशियन साहेब तिला एकदम तापवू देत नसत. थोडी ऊब आज, थोडी उद्या. याला कोणी लाड म्हणत नसे, टेक्निक म्हणत. मेश्रामांच्या घरात लाड हा शब्द नावं ठेवण्यापुरताच वापरात होता. शेजाऱ्याचं पोर बिघडलं की त्याचे लाड झालेले असत. स्वतःच्या घरात कोणी कोणाचे केल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

रुक्माला चौथा महिना लागला आणि ती नवऱ्याचा कामावरचा सदरा हुंगू लागली. भट्टीच्या विटा जोडायची पांढुरकी माती त्याला चिकटलेली असे.

"लय गोड वास येते जी. थोडीशी आनता का?"

"खायाले?"

रुक्माने सदरा पुन्हा नाकाशी नेला. चुलीपाशी सासू भागीरथाबाई होत्या, त्यांनी ऐकलंच.

"बायकोचे लाड करून राह्यला का रे जान्या? उद्या म्हनन, भट्टीच घरी आना!"

दुसऱ्या दिवशी घमेल्याच्या तळाशी वाळलेलं एक ढेकूळ जानरावने जेवणाच्या डब्यात टाकलं. सुटी झाल्यावर गेटवर डबे उघडून दाखवावे लागत, हे त्याला रांगेत उभं राहिल्यावर आठवलं. हवालदार ओमप्रकाशने झाकण काढलं.

"ये क्या है?"

"मिट्टी, साब."

"सरकारी मिट्टी. किसलिए?"

चूल लिंपायला म्हटलं तर सरळ चोरी. गेटपास जाणार, पासाबरोबर नोकरी. खरं सांगितलं तर सुटायची थोडी आशा होती, पण मागे रांगेत गावचीच माणसं होती आणि त्यांत सगळ्यांची टर उडवणारा टिकाराम. 

"घरवाली को खाने का मन है," जानराव म्हणाला. "पेट से है."

सगळी रांग हसली.

"बायकोचे लाड करून राह्यला बाप्पा, आपला जानराव!" टिकाराम ओरडला.

"करून राह्यलो. तुले कावून दुखते?"

प्रकरण सिक्युरिटीच्या साहेबांपुढे गेलं. साहेबांनी नियम पाहिले. सदर वस्तू कामगाराच्या निवेदनानुसार खाद्यपदार्थ आहे, खाद्यपदार्थ डब्यातून नेण्यास मनाई नाही, सबब जाऊ द्यावे, असा निर्णय झाला.

घरी भागीरथाबाईंनी ढेकूळ हातात घेतलं, नाकाशी नेलं.

"तुह्या वेळेस म्या भिंतीचे पोपडे चाटले," त्या मुलाला म्हणाल्या. "कोनी इचारलंबी नाही."

सदर खाद्यपदार्थ त्याच संध्याकाळी संपला. अर्धा भागीरथाबाईंनी खाल्ला.